टाचण्या खाण्यात धरत नाहीत

४ फेब्रुवारी, संध्याकाळ

थोरले, आधी तारीख घाल. विसरशील. जी मुलगी गेल्या आठवड्यात आईला डब्याचं झाकण पाठवते आणि डबा स्वतःच्याच ओट्यावर विसरते, तिच्या भरवशावर मी माझा आजार लिहून ठेवतेय. कठीणच आहे माझं. घातलीस तारीख? वाचून दाखव. बरोबर.

तर ही रोजनिशी खासगी आहे. माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही. मला वाचता येत नाही, म्हणजे कुणीच वाचणार नाही. याहून पक्कं कुलूप मिळतं का बाजारात? तू फोनवर ऐकून लिहितेस, ते वाचणं धरत नाही.

मुळात मला ही नकोच होती. तोंडाची डॉक्टरीण म्हणाली, आजी, रोज तोंडात काय काय जातं ते लिहून ठेवा, आणि फोड कुठे आला, कधी आला तेही. मी म्हटलं, बाई, मला लिहिता येत नाही. तिला वाटलं मी लाजेन. मी कशाला लाजू? मी शिवलेले कोट घालून लोकांनी लिहिण्याच्या नोकऱ्या केल्या.

आजाराचं नाव एवढं लांब आहे की डॉक्टरणीलाच मध्ये श्वास घ्यावा लागतो. मी तिला म्हटलं, नाव राहू दे, गोष्ट सांग. तर गोष्ट अशी, की अंगात पहारेकरी असतात. बाहेरचा चोर आला की त्याला धरायचं हे त्यांचं काम. माझे पहारेकरी चोर सोडून घरच्याच माणसाला बडवतायत. त्यामुळे हिरड्यांवरचं आणि गालाच्या आतलं अस्तर सुटतं, फोड येतो, फुटतो, खाली लाल मांस राहतं. घरचेच उलटले म्हणाली. मी म्हटलं, त्यात नवीन काय? मी सुनेबरोबर दुकान चालवते.

पण अस्तर म्हटल्यावर मला सगळं समजलं. कोटाचं अस्तर सुटलं तर आपण उसवून दुसरं लावतो. मी विचारलं, दुसरं कधी लावणार? ती म्हणाली, तोंडाला दुसरं लावत नाहीत. म्हणजे यांचं शास्त्र अजून शिवणकामाच्या पुष्कळ मागे आहे.

तिखट नाही, आंबट नाही, गरम नाही, कडक नाही. मग उरलं काय? उपदेश. तो गार असतो, मऊ असतो आणि हवा तेवढा मिळतो.

शेवटी धमकी. एप्रिलअखेर नवे फोड यायचे थांबले नाहीत तर मोठ्या दवाखान्यात जोराचं औषध सुरू करावं लागेल. ते पहारेकऱ्यांना पार झोपवतं, म्हणून मग कित्येक महिने माणसांच्या गर्दीत आणि कापडाच्या धुळीत बसायचं नाही. म्हणजे दुकान बंद. म्हणजे आरशासमोरची माझी खुर्ची बंद. हे ऐकताना सून इतकी गंभीर झाली, की मी ओळखलं, ही मनातल्या मनात माझ्या खुर्चीला नवी गादी लावतेय.

निश्चय: मार्च संपायच्या आत बरी. एप्रिलमध्ये खारे शेंगदाणे, आणि तेही कुटून नाही, दातांनी फोडून. तू आत्तापासून आणून ठेव. तू विसरतेस.

५ फेब्रुवारी

तोंडात गेलं: दुधात बुडवलेलं बिस्कीट. केळं. दूध घालून कालवलेला मऊ भात. परत केळं. असा जेवणाचा बेत मी याआधी तुला दात येत होते तेव्हा केला होता. तेव्हा निदान भरवायला मी होते.

फोड: एक. डावीकडे, खालच्या ओठाच्या आत. कारण: नवी टूथपेस्ट. हिला फेस येत नाही. डॉक्टरीण म्हणते फेसाने तोंड सोलतं. ब्रशही तिनेच दिलाय, इतका मऊ की तो दात घासतो की नुसती विचारपूस करून परत येतो, कळत नाही.

निश्चय: उद्यापासून चिडायचं नाही. चिडण्याने आजार वाढतो असं सून म्हणते.

६ फेब्रुवारी

चिडले. कारण वरच्या ओळीत आहे.

१० फेब्रुवारी, दुपारी

मोठं काम आलं. बँडवाल्यांचे कोट. लाल कापड, सोनेरी पट्ट्या, पितळी बटणं, अख्ख्या बँडला. जून महिन्यात त्यांचा कार्यक्रम. बँडमास्तर स्वतः आला. माणूस गोल, आवाज त्याहून गोल. माप घेताना अखंड बोलत होता, मावशी तुमच्यासारखं फिटिंग कुणाचं नाही, तिकडचा टेलर बाही लावतो तर हात वर केला की कोट कानाला लागतो.

मी उत्तर दिलं नाही. तोंडात टाचण्या होत्या. लोकांना वाटतं म्हातारी किती शांत, किती समजूतदार.

आता कामाची वाटणी लिहून ठेव, पुढे भांडण नको. तुझा भाऊ कापड कापतो. सून मशीनवर. फिटिंग मी. गिऱ्हाईक आरशासमोर उभं, मी खुर्चीत, खडू कानावर, टेप गळ्यात, टाचण्या ओठांत. खांद्याला एक, काखेत एक, पाठीला दोन, आणि कोट माणसाला आपोआप ओळखायला लागतो. हे काम या घरात माझ्याशिवाय कुणाला येत नाही. सुनेला येतं असं तिला वाटतं. वाटू दे, वाटण्याला कापड लागत नाही.

१३ फेब्रुवारी

गुळणीचं औषध दिलंय. पाच मिनिटं तोंडात फिरवायचं आणि थुंकायचं. गिळायचं नाही, बोलायचं नाही. सून त्या पाच मिनिटांची वाटच बघत असते. घरातले सगळे मोठे निर्णय हल्ली माझ्या गुळणीत होतात. परवा जुनं मशीन विकायचं ठरलं. मी हात हलवून नको नको म्हणत होते. ती म्हणाली, बघा, आईंचा आशीर्वाद आहे.

१७ फेब्रुवारी

डॉक्टरणीने माझ्या दातांचा साचा घेतला आणि त्यावरून पारदर्शक टोपी केली. एक वरच्या हिरड्यांना, एक खालच्या. आत मलमाचा पातळ थर लावायचा, सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं घालून बसायचं, म्हणजे मलम लाळेने वाहून जात नाही. बेत चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. टोपी फिट बसते. साचा कुणी घेतला असेल त्याचा हात साफ आहे.

फक्त एक अडचण. टोपी घालून टाचण्या धरता येत नाहीत. घसरतात. म्हणून मी सकाळची टोपी संध्याकाळी घालायचं ठरवलं.

१८ फेब्रुवारी

संध्याकाळी थकले होते. संध्याकाळची टोपी सकाळी घालेन.

२७ फेब्रुवारी

टोपीचा काही उपयोग होत नाहीये. डॉक्टरणीला तसं स्पष्ट सांगितलं. तिने तोंड उघडायला लावलं, बॅटरी मारली, हं केलं. वरच्या हिरड्या थोड्या निवळल्यात म्हणाली. पण डावीकडे खालच्या ओठाच्या आत आणि त्याला लागून गालात परत नवे फोड, आणि तेही एका ओळीत. तिने विचारलं, आजी, टोपी रोज घालता ना? मी म्हटलं, टोपी माझ्या उशाशीच असते. हे खोटं नाही.

तिने गोळ्या दिल्या. सकाळी खाऊन झाल्यावर घ्यायच्या, आणि काही झालं तरी आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. हे तिने मला एकदा सांगितलं, सुनेला दोनदा. माझ्याकडे बघून माणसं असं का वागतात कळत नाही.

४ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. तोंड दुखतं तर डोळे बघतात. गुडघा दुखला तर कान बघतील. पण हा आजार कधी कधी डोळ्यांतही उतरतो म्हणे, म्हणून. त्याने पापण्या उलटून पाहिल्या, थेंब घातले. डोळे स्वच्छ आहेत. घरी येऊन मी सुनेसमोर सुई ओवली, एका झटक्यात. तिने बघितलं नाही. म्हणून परत ओवली.

१० मार्च

गोळ्या म्हणजे गोळ्या! चार दिवसांत तोंड गार. काल पोळी खाल्ली, दुधात न बुडवता. भूकही अशी लागते की सून ताट वाढून मागे सरकते. मी आधीच म्हटलं होतं मार्चमध्ये बरी होईन. डॉक्टरणीला उगीच एप्रिल वाटत होतं. शेंगदाणे आणलेस का?

१६ मार्च

एक गोष्ट. चेहरा फुगलाय. आज सकाळी दुकानाच्या आरशात एक गोल बाई दिसली, मी तिला बसा म्हणणार होते. बँडमास्तर म्हणाला, वा मावशी, तब्येत सुधारली, आता आपण दोघं भाऊ-बहीण दिसतो.

त्याच्यासारखी दिसते!

निश्चय: काहीतरी केलं पाहिजे.

१७ मार्च

गोळ्या बंद केल्या. डॉक्टरीण पुढे कमी करणारच होती, मी तिचे कष्ट वाचवले. सुनेला सांगायचं नाही. गोळी मी सकाळी तिच्यासमोर तोंडात टाकते आणि मग मोरीत जाते. इतकी वर्षं तोंडात टाचण्या धरून एक गिळली नाही, एका गोळीची काय कथा!

२२ मार्च

अंगात ताकद नाही. उभं राहिलं की दुकान फिरतं. हवा खराब आहे.

बँडची पहिली फिटिंग सुरू. दिवसभर एकामागून एक लाल कोट. ढोलवाल्याचा डावा खांदा उतरलाय, ढोलाच्या पट्ट्याने. त्याला आत कॅनव्हासची जास्तीची पट्टी द्यायची. सनईवाल्याची मान पुढे. हे सगळं मी खडूने खूण करून ठेवलं. तोंडाने सांगता आलं नाही, नेहमीप्रमाणे.

आज पावाची करपलेली कड खाल्ली. हे लिहू नकोस. लिहिलंस? खोड. खोडलंस का? नक्की? थोरले, तू लहानपणीसुद्धा हो म्हणताना एवढीच गप्प असायचीस.

२६ मार्च

फोड. फोड. फोड. हिरड्यांना ब्रश दाखवला तरी रक्त. डावा गाल आतून सोललाय. पाणी पिताना डोळ्यांत पाणी येतं, म्हणजे हिशेब बरोबर राहतो.

कारण: सुनेच्या भाजीत मीठ जास्त. तिने स्वतः चाखून दाखवलं, भाजीत मीठच नव्हतं. मग त्याने झालं असेल. अंगाला मीठ लागतंच.

३ एप्रिल

डॉक्टरणीला माझ्या चेहऱ्याची सूज उतरलेली दिसली. मी म्हटलं, बघ, किती सुधारणा! ती इतकी थक्क झाली की तिच्या तोंडून शब्द फुटेना. मग फुटले. बरेच फुटले. गोळी अशी एकदम सोडली तर माणूस चक्कर येऊन पडतो, कधी कधी जिवावर बेततं, इथपर्यंत गेली. सून म्हणाली, अहो आई, मी समोर उभी असायचे ना! मी म्हटलं, उभं राहणं आणि बघणं यांत फरक असतो, म्हणून तर तुला फिटिंग देत नाही.

कुणी हसलं नाही.

गोळ्या परत चालू. आता सून तोंड उघडायला लावते, जीभ वर करायला लावते. या वयात माझी झडती होते.

मग डॉक्टरणीने रोजनिशीबद्दल विचारलं. सुनेने तू पाठवलेली यादी वाचून दाखवली. केळं, भात, दूध, केळं, पावाची कड. (खोडली नव्हतीस. आपण बोलू.) डॉक्टरीण म्हणाली, गोळ्या बंद झाल्या म्हणून आजार उसळला, ते समजलं. पण डावीकडे खालच्या ओठातच ओळीने फोड का येतात ते समजत नाही, गोळ्या चालू होत्या तेव्हासुद्धा तिथे पुरतं निवळलं नव्हतं. आजी, तुम्ही त्या बाजूने काही चावता का? पेन्सिल? सुपारी? नखं? मी म्हटलं, बाई, मी कसलंही व्यसन केलं नाही. सूनही म्हणाली, नाही हो, आईंना काही सवय नाही. तुझ्या भावालाही फोन करून विचारलं. तो म्हणाला, काही नाही.

अख्ख्या घराने साक्ष दिली. मला बरं वाटलं.

११ एप्रिल

तोंडात गेलं: भोपळा उकडून कुस्करलेला. आत्मसन्मान, तसाच.

तुझा भाऊ आज म्हणाला, आई, थोडे दिवस खुर्ची तिला दे, दुसऱ्या फिटिंगपुरती. मी म्हटलं, मी मेल्यावर दोघं मिळून त्या खुर्चीवर बसा, आलटून पालटून. तो म्हणाला, तसं नाही गं. सगळे तसं नाही म्हणतात आणि मग तसंच असतं.

शिवाय ऐक. तुझे वडील गेले तेव्हा लोक म्हणाले, आता हे दुकान चालायचं नाही. मी तेराव्या दिवसाची वाट नाही पाहिली, दार उघडलं आणि त्या खुर्चीत बसले. ती खुर्ची लाकडाची आहे असं सगळ्यांना वाटतं. जाऊ दे. पुढची तारीख घाल.

१९ एप्रिल, दुपारी

आज मोठा विजय. सविस्तर लिही.

डॉक्टरणीकडे गेलो. ती समोर येऊन उभी राहिली आणि माझी नजर तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशाकडे गेली. खिसा एका बाजूने उसवून लोंबत होता, आणि खालची दुमड अर्धी सुटलेली. एवढी शिकलेली मुलगी, आणि खिसा जखमी जिभेसारखा बाहेर! मला बघवेना. म्हटलं, कोट काढ. ती म्हणाली, अहो आजी, राहू द्या. मी म्हटलं, तू माझं अस्तर दुरुस्त करतेस, मी तुझा खिसा करते, फिटंफाट. माझी पिशवी बरोबर असतेच.

तिने कोट अंगातून काढला नाही, पेशंट होते. मग मी अंगावरच काम केलं. तिला खिडकीपाशी उभं केलं, दुमड सरळ केली, टाचण्या ओठांत धरल्या, एक एक काढून लावत गेले. मग सुई-दोरा. टाके असे की बाहेरून दिसणार नाहीत. आणि शेवटी दोरा दातांनी तोडला, टक्.

वर बघितलं तर डॉक्टरीण माझ्याकडे बघतच राहिली होती. कौतुकाने. म्हणाली, आजी, हलू नका. तसंच राहा.

मला वाटलं फोटो काढतेय. तिने बॅटरी काढली. खाली वाकली. मग माझ्या ओठांतून उरलेल्या टाचण्या एक एक करून काढल्या आणि स्टीलच्या वाडग्यात टाकल्या. टिंग. टिंग. टिंग. जिथून टाचणी निघत होती तिथे बरोबर खाली फोड होता. ओळीने. जणू मीच खुणा करून ठेवल्या होत्या, खडूने.

तिने विचारलं, हे रोज करता? मी म्हटलं, तुझ्या जन्माच्या आधीपासून. ती म्हणाली, मग सांगितलं का नाहीत? मी म्हटलं, तू विचारलंस तोंडात काय जातं. टाचण्या जात नाहीत, थांबतात. खाण्याच्या यादीत टाचण्या कोण लिहितं?

सुनेने कपाळावर हात मारला. ती म्हणाली, मी रोज बघते हो, रोज, पण ते आईंचं तोंडच तसं आहे असं मला वाटतं.

आणि थोरले, तुलाही आठवलं ना? शाळेत आईचं चित्र काढायला सांगितलं होतं. तू तोंडाला दोन्हीकडून रेघा काढल्यास आणि बाईंनी लिहिलं, मांजर छान आहे.

डॉक्टरीण म्हणाली, टाचण्यांनी आजार झाला नाही. पण या आजारात अस्तर आधीच कच्चं असतं, त्यावर कुठेही टोचलं, दाबलं, ओढलं की तिथे फोड येतो. तुम्ही रोज त्याला जागा दाखवत होता. महिनाभर मुदत वाढवली. मेअखेर. अटी: टाचण्या बंद, दातांनी दोरा बंद, टोपी रोज, गोळ्या सांगेन तशा.

पण खिसा बघून खूश होती. हे शेवटी लिही, मोठ्या अक्षरात.

२३ एप्रिल

तू कितीतरी वर्षांपूर्वी मनगटाला बांधायची टाचण्यांची उशी दिली होतीस, ती सापडली. दाराला टेकण लावायला वापरत होते. बांधली. माणूस नाडी दाखवायला निघाल्यासारखं दिसतं. टाचणी घ्यायची तर आधी हाताकडे बघावं लागतं. ओठांकडे कधी बघावं लागलं नव्हतं.

तरी घेतली. माझ्या शब्दाला किंमत आहे. शिवाय सून पाळतीवर आहे.

२८ एप्रिल

बँडची दुसरी फिटिंग. आज मला कळलं, इतकी वर्षं मी किती गोष्टी गिळल्या! तोंड मोकळं असल्यामुळे सगळ्यांना नीट मार्गदर्शन केलं. ढोलवाल्याला सांगितलं, तू असाच वाकत राहिलास तर पुढचा कोट कुबड्याच्या मापाने शिवावा लागेल. सनईवाल्याला म्हटलं, बायको नीट जेवायला घालते ना, की तीसुद्धा फुंकरच मारते? बँडमास्तरला सांगितलं, पोट कोटाने झाकत नाही, कोट फक्त त्याची बातमी सुंदर अक्षरात छापतो.

सगळे शांतपणे ऐकून घेत होते. एवढं लक्षपूर्वक माझं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

३० एप्रिल

बँडमास्तर सुनेला कोपऱ्यात नेऊन हळूच विचारत होता, मावशींना परत टाचण्या धरता येणार नाहीत का, थोड्याशा? माझ्या हिरड्या गेल्यात, कान नाही गेले.

७ मे

सनईवाला उद्या येतो म्हणून गेला, आला नाही. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला अचानक काम आठवलं, कोटाला एक बाही असतानाच. हल्ली लोकांना घाई फार.

दुपारी सून म्हणाली, आई, तुम्ही जरा आत पडा. मी आत पडले. दाराच्या फटीतून खुर्ची दिसते. ती बसली. मनगटाला उशी, गिऱ्हाइकाशी गोड गोड बोलत, हसत, एक एक टाचणी लावत. बँडमास्तरही हसत होता. मागच्या शिवणीला अर्धं बोट जास्त घेतलं तिने. नंतर मी जाऊन पाहिलं. अर्धं बोट बरोबरच होतं. चुकून असेल.

खांदाही बरा बसला. लिही हवं तर. नको, बारीक लिही.

८ मे

आज काही सांगायचं नाही. तारीख फक्त घाल.

१५ मे

टोपी घालते, दोन्ही वेळा. दुसरं करायला आहे काय? खिडकीपाशी बसून पितळी बटणं लावते. रस्त्यावरून जाणारे बघतात. त्यांना बोलले तर ते थांबत नाहीत.

खालच्या ओठाच्या आत डावीकडे जीभ फिरवली. गुळगुळीत. आठ-दहा दिवस झाले, तिथे काही नाही. डॉक्टरणीच्या कोटाचा खिसा आठवला. त्या पोरीने मला टाचण्या धरताना एकदाच बघितलं आणि तिला दिसलं.

२९ मे

निकाल. डॉक्टरणीने बॅटरी मारली, आरसा फिरवला, बराच वेळ घेतला. नवे फोड नाहीत. हिरड्या लाल आहेत, पण सोलत नाहीत. मोठ्या दवाखान्याचं जोराचं औषध आत्ता नको. गोळ्या हळूहळू कमी, ती कमी करेल, मी नाही. डोळ्यांची तपासणी परत होत राहणार.

मी विचारलं, म्हणजे बरी झाले? ती म्हणाली, आजी, हा आजार ताब्यात राहतो, जात नाही. मी म्हटलं, म्हणजे सुनेसारखा. सून म्हणाली, नाही, तुमच्यासारखा. डॉक्टरीण इतकी हसली की तिला आरसा खाली ठेवावा लागला. या पोरी एक झाल्या आहेत.

रस्त्यात मी सुनेला विचारलं, मग खुर्ची? सरळ विचारलं. ती चालत राहिली. मग म्हणाली, विचार करते.

२ जून, सकाळी

विचार झाला. खुर्ची मिळाली. हे पहिल्या ओळीत लिही आणि पुढचं वाचू नकोस.

पुढचं असं. सून म्हणाली, आई, तुमचा हात माझ्याकडे नाही, ते मला माहीत आहे. (हे तिने गिऱ्हाइकासमोर म्हटलं. तिला साक्षीदार आहेत.) पण तुमचं तोंड गिऱ्हाइकाला झेपत नाही. तेव्हा यापुढे फिटिंग दोनच वेळा, सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. म्हणजे टोपीच्या वेळेला. टोपी घालून बोलता येत नाही. मलमही लागतं, फिटिंगही होतं, आणि दुकानही चालतं.

मी विचारलं, हे कधी ठरलं? तुझा भाऊ म्हणाला, काल, तू गुळणी करत होतीस तेव्हा.

आज पहिला दिवस. खुर्चीत बसले. मनगटाला उशी, तोंडात टोपी. बँडमास्तर आला, शेवटचं बटण बघायला, नवा कोट घालून. छान दिसत होता. पोटावर एक सुंदर टोमणा सुचला होता. तोंड उघडलं, मलम ओघळलं, नुसतं हूं हूं झालं. तो म्हणाला, मावशी पूर्वीसारख्या झाल्या बघा! आणि त्याने कौतुकाने मला खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी दिली.

पुडी मांडीवर ठेवली. टोपी काढल्यावर एक दाणा घेतला. एकच. दाढेखाली धरला, दाबला. मग हळूच बाहेर काढला आणि रुमालात बांधला. पुडी सुनेला दिली. तिने विचारलं, नकोत तुम्हाला? मी म्हटलं, मला मुळातच कधी आवडले नाहीत.

तेव्हा थोरले, तू आणलेले शेंगदाणे तूच खा. मला उद्या जावयाच्या हाती डबा पाठव. मऊ भात, दूध घालून कालवलेला, पार गार झालेला. उकडलेला भोपळा, कुस्करून, गाठी न ठेवता, मीठ चिमटीएवढं. एक पिकलेलं केळं, सालीसकट, तेवढं तरी मला सोलू दे. आणि या वेळी झाकणाखाली डबाही पाठव.